दुसऱ्याच्या कोटातली शिल्लक

घडीकाकांना सगळा रस्ता घडीकाकाच म्हणायचा. लॉन्ड्रीवाला माणूस, आणि घडी अशी घालायचा की शर्टाच्या कडेवर पेन्सिल तासून घ्यावी. दुकान म्हणजे पुढे लाकडी फळी, फळीमागे इस्त्रीचं टेबल, वर वाफेची नळी, आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत गेलेली एक लोखंडी दांडी. भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हातानं एक पाटी रंगवली होती : 'खिशात राहिलेल्या वस्तूंना दुकान जबाबदार नाही.'

आता पाटी आपली पाटीपुरती. खिशात राहिलेलं काहीही काकांनी कधी ठेवून घेतलं नाही. किल्ल्या, अंगठ्या, औषधाच्या गोळ्या, सगळं चिठ्ठी लावून परत. एकदा एका सद्‌गृहस्थांच्या पँटीत कवळी निघाली. काका ती रुमालात गुंडाळून धावत त्यांच्या घरी गेले, तर गृहस्थ चोरून चहात पाव बुडवून दोन दिवस ढकलत होते, आणि बायकोला सांगत होते की उपास चाललाय. कवळी बसवल्यावर पहिलं वाक्य काय म्हणाले असतील? "बिलात काही वाढवलं नाही ना?"

तर असा हा माणूस. दुसऱ्याच्या खिशाला देवासारखा जपायचा. स्वतःच्या खिशाला मात्र जन्मजात भोक होतं.

दारावर कुणी काही विकायला आलं आणि त्यानं काकांना "शेठ" म्हटलं, की खेळ खलास. अशानंच घरात तीन प्रकारचे सुरीसंच होते आणि एकही सुरी धड कापत नव्हती. एक भलंमोठं धुलाईयंत्र हप्त्यावर घेतलं होतं, ते दुकानाच्या दारातून आतच जाईना. शेवटी पडत्या भावात विकलं, आणि हप्ते पुढे दीड वर्ष भरले. त्यात मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, गोड बोलायचा, आणि दर मोसमाला नवा धंदा काढायचा. आधी अळिंबीची लागवड, मग शोभेचे मासे, मग मोबाइलची कव्हरं. "दाजी, फक्त महिनाभराचा प्रश्न आहे," असं म्हणत तो दुकानात स्टुलावर बसला की काकांना नाही म्हणता यायचं नाही. 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडात होता, पण बाहेर पडायची वाट त्याला ठाऊक नव्हती.

बँकेत खातं होतं. पण खात्याबरोबर कार्ड आलं, आणि कार्ड खिशात असलं की काकांच्या हाताला मुंग्या यायच्या. घरात डब्यात ठेवावं, तर डबा मेहुण्याला पाठ.

मुलगी मात्र मोठी होत होती. तिला डोळे तपासायचं शिक्षण घ्यायचं होतं. लहानपणापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला "ती लांबची पाटी वाचा बघू" म्हणायची, आणि चुकलं की गंभीर चेहऱ्यानं मान हलवायची. हिच्यासाठी काहीतरी बाजूला पडायलाच हवं, आणि ते आपल्याच हातापासून वाचवायला हवं, एवढं काकांना कळलं होतं.

मागच्या दांडीवर न नेलेले कपडे लटकत होते. धुऊन, इस्त्री करून तयार, आणि मालक बेपत्ता. त्यात एका शाळकरी पोराचा गणवेश होता. ते पोर आता स्वतःच्या पोराला शाळेत सोडत असेल. आणि अगदी कोपऱ्यात एक काळा कोट. जुन्या काळचं जाड कापड, छातीला आतून घट्ट कापडाचा थर, मऊ अस्तर. तो बँडमास्तरांचा. शहरातल्या निम्म्या लग्नांत मास्तरांनी क्लॅरिनेट वाजवलं होतं. बायको गेली, मास्तरांनी वाजवणं सोडलं, कोट धुवायला टाकला आणि पुन्हा कधी तो न्यायला आलेच नाहीत.

एका महिनाअखेरीला काकांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. कोटाच्या डाव्या छातीकडचं अस्तर बोटभर उसवलं, नोटा इस्त्री करून सपाट केल्या, आत सरकवल्या आणि वरून टाके घातले. धागा कोणता? तर कपड्यांच्या कॉलरवर गिऱ्हाइकाची खूण घालायचा लाल धागा, तोच हाताशी होता. मग हे दर महिन्याचं झालं. यात खरी गंमत अशी की पैसे काढायचे तर कात्री लागायची, आणि त्या दुकानात कात्री कधीच जागेवर सापडायची नाही. दोनतीनदा काका मोहात पडले. पण कात्री शोधता शोधता मोह ओसरून जायचा.

कुणाला सांगितलं नाही. मुलीला म्हणायचे, "बँकेत आहेत." बायकोला तेवढंही नाही. चोराला सुचणार नाही, मेहुण्याला सुचणार नाही, अशी जागा आपण शोधली, याचा त्यांना फार अभिमान होता. ती जागा दुसऱ्याची आहे, हे मात्र त्या अभिमानात राहून गेलं.

मुलीचा नंबर लागला. फी भरायची शेवटची मुदत उद्या दुपारची. उद्या पैसे नाही पोचले, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. म्हणून आज संध्याकाळी कोट उसवायचा, असं ठरवून काका हॉटेलच्या चादरी पोचवायला गेले, ते शीळ घालतच परतले.

मागच्या खोलीत शिरले. दांडीच्या कोपऱ्यात नुसता हँगर.

एकेक कपडा बाजूला सारला. दांडीखाली वाकले. पुन्हा हँगरकडे बघितलं, जसं काही कोट थोडा वेळ बाहेर गेलाय आणि आता येईलच.

"अगं!" त्यांचा आवाज असा फाटला की काकू पुढून धावत आल्या. "इथला काळा कोट?"

"गेला एकदाचा!" काकूंचा चेहरा नुसता खुलला होता. "मास्तरांची सून आली होती पावती घेऊन. पावती अशी पिवळी पडलेली, मला आधी वाटलं कसलं पान दाखवतेय. मी सोडतेय होय? धुलाई घेतली, इस्त्री घेतली, वर इतक्या वर्षांच्या जागेचं भाडं घेतलं! तुम्ही असतात तर 'असू द्या, असू द्या' केलं असतंत."

"दिलास?"

"दिला म्हणजे काय, वाफ देऊन चकाचक करून दिला. छातीला जरा जाड लागला, पण जुनं कापड ते. चांगली दाबून इस्त्री मारली. अहो, असे पांढरे काय पडलात? बसा आधी."

काका तिथल्याच कपड्यांच्या गाठोड्यावर बसले आणि सांगून टाकलं. अडखळत, तुकड्यातुकड्यानं, नजर जमिनीवर ठेवून.

काकूंनी सगळं ऐकेपर्यंत एकाच टॉवेलची चार वेळा घडी घातली. हेच भयंकर होतं.

"माझ्यापासून लपवलंत?" त्या शेवटी म्हणाल्या.

"तुझ्यापासून नाही गं. तुझ्या भावापासून."

"मग भावापासून लपवायचं! मी काय भावाच्या खिशात राहते? मला एक शब्द सांगितला असतात तर तो कोट मी कवटाळून बसले असते! आणि आता मीच माझ्या हातानं, इस्त्री मारून, कव्हर घालून…" त्यांनी पदर खोचला. "उठा. आज मास्तरांच्या नातीचं लग्न आहे, मोठ्या हॉलात. मास्तर वाजवणार आहेत, म्हणून तर कोट नेला. सून सांगत होती, म्हातारा इतक्या वर्षांनी तयार झालाय. उठा म्हणते ना!"

रिक्षात बसल्यावर काका काहीबाही पुटपुटत होते. टाके कच्चे होते. महिन्याच्या महिन्याला उसवायचे, म्हणून पक्के घालायचेच नाहीत. वाजवताना छाती फुगणार. कोट घट्ट होत असणार. टाके सुटले तर? भर मांडवात नोटा खाली पडल्या तर? कोण म्हणेल या लॉन्ड्रीवाल्याच्या? आणि समजा पडल्या नाहीत, तर म्हाताऱ्याला जाऊन काय सांगायचं? तुमचा कोट उसवू द्या?

"खिशातल्या वस्तूंना दुकान जबाबदार नाही," काकू रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "आता भोगा."

हॉलच्या दारात एका मुलीनं दोघांवर गुलाबपाणी उडवलं, "या, या, वरपक्षाकडचे ना?" म्हणत पहिल्या रांगेत नेऊन बसवलं आणि हातात आइस्क्रीमच्या वाट्या दिल्या. काका घामाघूम, हातात आइस्क्रीम. समोर मंचावर मास्तर. पांढरे केस, ताठ मान, आणि अंगात तो कोट. काय सुरेख दिसत होता! काकूंनी इस्त्री खरोखरच झकास मारली होती.

मास्तरांनी क्लॅरिनेट ओठांना लावलं. लोक माना डोलावत होते. काकांना एक सूर ऐकू येत असेल तर शपथ. त्यांचे डोळे कोटाच्या डाव्या छातीवर. मास्तरांनी श्वास घेतला की काकांचा श्वास अडकायचा. उंच सुरावर मास्तर पाठीमागे झुकले, मधलं बटण ताणलं गेलं, आणि काका खुर्चीतून अर्धे उठले. मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, याला म्हणतात रसिक!"

"खाली बसा," काकू दातओठ खात म्हणाल्या. "आइस्क्रीम वितळतंय."

वाजवणं संपलं. टाळ्या. मास्तर मंचाच्या पायऱ्या उतरत होते, तेवढ्यात सरबताचं तबक घेऊन एक वाढपी त्यांना आडवा आला आणि अख्खा पेला कोटावर. केशरी डाग, डाव्या बाहीपासून खाली. बायका हळहळल्या. "अरे, पाणी आणा! चोळू नका! मीठ लावा!"

आता काका जे विजेसारखे उठले ते पैशांसाठी की डागासाठी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. "हात लावू नका!" ते ओरडले. "मी लॉन्ड्रीवाला. कोट इकडे द्या, आत्ता आणतो."

"अरे, घडीकाका! तुम्ही कसे इथे?" मास्तर हसले आणि कोट काढून सरळ त्यांच्या हातात दिला.

हात धुवायच्या जागी काकांनी आधी डागावर पाण्याचा हबका मारला. सवय ती सवय. मग आत गेले, दार लावलं, कोट उलटा केला आणि डाव्या छातीचं अस्तर चाचपलं.

सपाट. मऊ. रिकामं.

त्यांनी उजेडात धरून पाहिलं. लाल टाका नव्हताच. त्या जागी पांढऱ्या धाग्याची वेडीवाकडी शिवण होती, कुणीतरी सुई नीट न दिसता घातल्यासारखी.

काकांनी शिवण पुन्हा एकदा बोटांनी चाचपली. भिंतीला टेकले. मग राग चढला, तोही असा की कान तापले. म्हणजे म्हाताऱ्यानं काढले! काढले, वरून शिवून टाकलं, आणि मंचावर उभं राहून गोड गोड वाजवतोय! इतकी वर्षं आपण लोकांच्या कवळ्या पोचवल्या, ते यासाठी?

ते तावातावानं बाहेर आले. मास्तर एका खुर्चीत एकटेच बसले होते, मांडीवर क्लॅरिनेटची पेटी. काकांनी तोंड उघडलं, पण मास्तरांनीच त्यांचा हात धरून जवळ बसवलं.

"घडीकाका, बरं झालं तुम्ही आलात. तुम्हाला सांगायलाच हवं. माझा कोट इतकी वर्षं सांभाळलात तुम्ही. अहो, त्यात काय होतं, माहीत आहे?"

काकांनी कोट मांडीवर घट्ट धरला.

"दुपारी घातला, तर छातीला काहीतरी कडक लागलं. म्हटलं, कापड गोळा झालंय. मला जवळचं दिसत नाही, चाचपतच कात्रीनं उसवलं. तर आत नोटा! सपाट, एकावर एक. हिची सवय हो. मी वाजवून पैसे आणायचे, आणि वाटेतच उडवून यायचे. ही माझ्या नकळत कशात ना कशात शिवून ठेवायची. उशीत, पडद्याच्या काठात. गेली तेव्हा सगळं शोधलं आम्ही. कोट तुमच्याकडे, तो राहूनच गेला. आणि बघा, नातीच्या लग्नाच्या दिवशीच निघावं!" त्यांनी पेटीवर हात ठेवला. "पाकिटात घातलेत. आता शेवटचं एक वाजवतो, आणि माइकवर सांगतो, ही आजीकडून भेट. पोरीनं आजीला नीट पाहिलंही नव्हतं."

काकांचा राग कुठल्या कुठे गेला, आणि त्या जागी आलं ते रागापेक्षा वाईट होतं. ते "हो हो" म्हणाले. कोट वाळवतो म्हणाले. उठले, आणि काकूंपाशी आले.

"मिळाले?"

"आहेत. पण ते म्हणतात त्यांच्या बायकोनं ठेवले."

काकूंनी सगळं ऐकलं. आइस्क्रीमची वाटी खुर्चीखाली ठेवली. "मग जा, सांगा."

"कसं सांगू? म्हाताऱ्याचा चेहरा बघ ना."

"बघितला. आणि आपल्या पोरीचा उद्या दुपारचा चेहरा? तो कोण बघणार?"

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. मुलगी. "बाबा, कुठे आहात? काढलेत ना बँकेतून? सकाळी रांग असते म्हणे, आपण लवकरच जायचं हं."

"हो बाळा," काका म्हणाले. "लवकरच जायचं." फोन बंद केला, तरी कानालाच धरून राहिले. आयुष्यात मेहुण्याला, फिरत्या विक्रेत्यांना, कुणालाच तोंडावर 'नाही' म्हणता आलं नव्हतं. आणि पहिल्यांदा म्हणायचं ते कुणाला, तर या माणसाला, आजच्या दिवशी.

माइकवर कुणीतरी मास्तरांचं नाव पुकारलं. मास्तर पेटी काखेत घेऊन उठले. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तेव्हा काकांनी त्यांची बाही धरली.

"मास्तर, थांबा. ते पैसे… धागा कोणता होता?"

"काय?"

"उसवलात तेव्हा. धागा."

"मला रंग कसा दिसणार? सून म्हणाली, लाल आहे."

काकांनी कोटाची कॉलर उलटी केली आणि खूण त्यांच्या बोटाला लावून दिली. "हा लाल. माझ्या दुकानाचा. दर महिन्याला मीच शिवत होतो, मास्तर. माझ्या मुलीच्या शिक्षणाचे आहेत. जागा चुकली माझी. तुमच्या कोटात ठेवायला नको होते."

मास्तर बोट त्या खुणेवरून फिरवत राहिले, पुन्हा पुन्हा. मंचावरून पुन्हा पुकारा झाला.

"ती नेहमी कपड्याच्याच रंगाचा धागा घ्यायची," ते हळूच म्हणाले. "दिसू नये म्हणून. मला तेव्हाच कळायला हवं होतं." मग त्यांनी पेटी उघडली, पाकीट काढलं आणि काकांच्या हातात ठेवलं. "मोजून घ्या."

"नको."

"घ्या हो. पैशाच्या बाबतीत भिडस्तपणा करू नये. मी जन्मभर तेच केलं."

काकांनी मोजले नाहीत. मास्तरांनी पायरीकडे बघितलं, मग उघड्या पेटीकडे. "लोकांना सांगून बसलो हो, काहीतरी खास आहे म्हणून. आता पोरीला काय देऊ?"

तेव्हा काकू पुढे झाल्या. कमरेची छोटी पिशवी सोडली, आणि दुपारी अगदी हट्टानं वसूल केलेली धुलाई, इस्त्री आणि जागेचं भाडं, सगळं एका आइस्क्रीमच्या कागदी रुमालात गुंडाळून मास्तरांच्या हातावर ठेवलं. "थोडे आहेत. पण हे तुमच्याच कोटाचे आहेत, म्हणजे तुमचेच. आणि आजी असत्या तर माझ्याशी भांडून हे परत घेतलेच असते त्यांनी. एवढं भाडं कुणी लावतं होय?"

मास्तर हसले. तो हसू आलेला चेहरा पुसतच वर चढले. माइकवर इतकंच म्हणाले, की आजीला आवडायची ती धून वाजवतो. कोट नव्हता, शर्टावरच वाजवली. या वेळी काकांना सूर ऐकू आले. पाकीट मात्र दोन्ही हातांनी छातीशी धरलेलंच होतं, आणि ते पाकीट आहे की नाही हे दर दोन मिनिटांनी काकू कोपरानं तपासत होत्या.

रांगेत सकाळी तिघंही उभे होते. फी भरली, पावती मिळाली. मुलीनं विचारलं, "बाबा, या नोटा इतक्या कडक कशा?" काकूंनी काकांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझ्या बाबांना इस्त्री करायला काही ना काही लागतंच."

त्याच दिवशी परतीच्या वाटेवर काकूंनी त्यांना बँकेत नेलं. दोघांच्या नावाचं खातं, कार्ड नको, पैसे काढायचे तर दोघांच्या सह्या. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "कार्ड नको? सोयीचं असतं." काकू म्हणाल्या, "सोय झाली म्हणूनच तर पंचाईत झाली." पुढच्या मोसमात मेहुणा आला, त्याच्या डोक्यात आता मधमाश्या होत्या. काका म्हणाले, "देतो की, तुझ्या ताईची सही घेऊन ये." मेहुणा चहा पिऊन गेला.

मास्तरांचा कोट डाग काढून, पक्के टाके घालून, काकांनी स्वतः घरी पोचवला. टाके काळे घातले. मुलगी दुसऱ्या वर्षाला गेल्यावर मास्तर तिच्याकडे चष्म्याचा नंबर काढायला आले, आणि तिनं त्यांना तासभर पाट्या वाचायला लावल्या.

दुकानातली पाटी अजून तिथेच आहे. मागची दांडीही. पण अजूनही एखादा जाड कोट आला, की घडीकाका इस्त्री ठेवून आधी त्याची डावी छाती चाचपतात. आत काही नाही याची खात्री पटली, की मगच त्यांचा श्वास मोकळा होतो.